शाळेचे प्रगतिपुस्तक

एखाद्या संस्थेचा प्रमुख पदभार सोडू लागला की त्याच्याकडून प्रगतीचा आढावा मागण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. शाल-श्रीफळ, अध्यक्षांचे चार गौरवाचे शब्द, आणि स्मरणिकेसाठी दोन पानांचा मजकूर : पद स्वीकारले तेव्हा शाळा अशी होती, आज ती अशी आहे. बडोद्यातील मुलींच्या एका विनाअनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकपदावरून निवृत्त होताना आमच्याकडेही असा मजकूर मागितला गेला, आणि तो आम्ही लिहून दिला. नवी इमारत, प्रयोगशाळा, संगणककक्ष, दहावीचे चढते निकाल, डॉक्टर आणि अभियंता झालेल्या माजी विद्यार्थिनी. त्यातील एकही वाक्य खोटे नाही. तरीही तो लिहीत असताना मनात उभा राहिलेला एक प्रश्न त्या दोन पानांत मावणारा नव्हता. तो या पत्रिकेच्या वाचकांपुढे ठेवावा असे वाटते. कारण बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना मुलींची शाळा ही परकी गोष्ट नाही. कोणाच्या आजीने तिथे अक्षर गिरवले, कोणाच्या पणजोबांनी तिच्यासाठी वर्गणी गोळा केली.

प्रश्न असा : मुलींच्या शाळेची प्रगती झाली असे केव्हा म्हणावे, आणि तसे म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

शिक्षकी पेशात प्रगतिपुस्तकांवर सह्या करून हात शिणतो, पण त्या लहानशा पुस्तकाच्या रचनेकडे आपले क्वचितच लक्ष जाते. त्यात गुण भरणारा आणि गुण मिळवणारा हे दोघे निराळे असतात; विद्यार्थिनी स्वतःचे गुण स्वतः भरत नाही. दुसरे असे की गुण कशाबद्दल द्यायचे ते आधी ठरलेले असते. तिने काय शिकावे हे अभ्यासक्रम सांगतो, आणि ती तिथवर पोहोचली की नाही हे गुण सांगतात. शाळेच्या प्रगतीचा आढावा या दोन्ही कसोट्यांवर लंगडा पडतो. तो ज्याचा त्यानेच भरलेला असतो, आणि शाळा कशासाठी काढली होती हे त्यात बहुधा कोठेच लिहिलेले नसते. हेतूचा रकाना नसला की वाढ हीच प्रगती ठरते. वास्तविक वृद्धी आणि प्रगती हे दोन वेगळे शब्द आपल्या भाषेने जपले आहेत. वृद्धीला दिशा लागत नाही; व्याजही वाढते आणि रोगही वाढतो. प्रगतीला मात्र पुढे म्हणजे कोणीकडे, हे आधी सांगावे लागते.

मग हेतूपासूनच आरंभ करू. बडोद्यात शिक्षणाविषयी बोलताना सयाजीरावांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभला आणि १९०६ साली तो कायद्याने सर्व राज्यास लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असा कायदा नव्हता. सक्ती मुलींनाही होती, ही त्यातील सर्वांत धाडसी गोष्ट. राजाश्रयाच्या या वातावरणात, गायकवाडांच्या फौजेबरोबर आणि दफ्तराबरोबर इकडे आलेल्या मराठी घरांतील मुली शिकू लागल्या. पुढे संस्थाने गेली, आणि समाजाने आपल्या बळावर चालवलेल्या शाळांवर अधिक भार आला. कारकून, कीर्तनकार, शिपाई, स्वयंपाकाची कामे करणाऱ्या विधवा, अशांच्या मुलींनाही परवडेल अशी शाळा असावी, हा आमच्यासारख्या शाळांचा मूळ हेतू. ‘परवडेल’ हा शब्द त्यात मध्यवर्ती होता.

त्या हेतूच्या अंगाने आज पाहिले तर चित्र गुंतागुंतीचे दिसते. आमच्या सरकारी भाषेत जिला ‘स्वनिर्भर’ म्हणतात ती शाळा केवळ शुल्कावर चालते. शुल्क वाढत गेले, मराठी माध्यमाचे वर्ग आटत गेले, इंग्रजी माध्यमाचे वर्ग भरत गेले. मराठी कुटुंबांनीच आपल्या मुली इंग्रजी वर्गांत घातल्या, आणि त्यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परिणामी ज्या घरांसाठी शाळा निघाली ती घरे सुस्थितीत आली आणि शाळा त्यांच्याबरोबर वर चढली. आज त्या कारकुनाच्या आणि स्वयंपाकिणीच्या जागी जे आहेत, रिक्षा चालवणारे, घरकाम करणाऱ्या, बांधकामावर मजुरी करणारे, त्यांच्या मुली शाळेच्या फाटकावरून रोज जातात. आत मात्र फार थोड्या येतात.

यावर एक सोपे भाषण करता येईल : शिक्षणाचा व्यापार झाला, सेवाभाव लोपला. असे भाषण आम्हाला मान्य नाही. ज्या सेवाभावाची आठवण काढून आपण हळहळतो त्याची किंमत पुष्कळदा कोणी मोजली, हे विचारून पाहावे. विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या वेतनावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या. ‘घरचा आधार आहेच, वेळ चांगला जातो’ असे म्हणून त्यांच्या श्रमाला मानधनाचे नाव देण्यात आले. मुलींना स्वावलंबन शिकवणारी शाळा आपल्या शिक्षिकांना परावलंबी ठेवत असेल, तर तिचे फळ्यावरचे सुविचार कोण खरे मानणार? शिक्षिकांना रीतसर वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी द्यायचा तर शुल्क वाढते. म्हणजे शुल्कवाढीच्या पोटी एक अन्याय दूर होतो आणि दुसरा जन्म घेतो. नैतिक प्रश्न कठीण होतो तो येथे. दोन्ही बाजूंना न्यायाचेच काही मागणे असते.

निकालांचेही तसेच. निकाल उत्तम लागतात याचा आनंद कोणाला नसतो! पण शाळेत प्रवेश घेणाऱ्या मुली बहुतांशी शिकलेल्या घरांतून येऊ लागल्या, घरी शिकवणी लावण्याची ऐपत आली, अभ्यासाला स्वतंत्र खोली मिळाली, की निकाल चढतातच. त्यातील शाळेचे श्रेय किती आणि फाटकाचे किती, हे गुणपत्रिका सांगत नाही. आई-वडिलांपैकी कोणीही शाळेचे तोंड पाहिलेले नाही अशी मुलगी दहावीला साठ टक्के मिळवते तेव्हा शाळेने केलेले काम, नव्वद टक्क्यांच्या मुलीवर केलेल्या कामापेक्षा अनेकदा मोठे असते. गौरवफलकावर मात्र दुसरीचे नाव लागते.

या संदर्भात पद सोडणाऱ्या एका शिक्षकाचे निवेदन आम्हाला वारंवार आठवते. १८४८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाईंनी तेथे शिकवले, हे सर्वज्ञात आहे. पण १९ ऑक्टोबर १८८२ या दिनांकाचे, हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सादर केलेले निवेदन तितकेसे वाचले जात नाही. आपण शाळा काढली, काही काळाने ती सुशिक्षित मंडळींच्या समितीकडे सोपवली, आणखी शाळा निघाल्या, महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या, सरकारने शालजोडी देऊन गौरव केला, नऊ-दहा वर्षे आपण काम केले, आणि मग येथे सांगण्याची आवश्यकता नाही अशा कारणांनी आपण त्यातून बाजूला झालो, असा त्याचा आशय. मुलींच्या त्या शाळा पुढे शिक्षणखात्याकडे गेल्या आणि अजून चालू आहेत, हेही ते नोंदवतात. एवढ्या मोठ्या कार्याचा आढावा अवघ्या काही वाक्यांत संपतो. स्वतःच्या प्रगतीचे मोजमाप त्यात नाही, बाजूला व्हावे लागल्याची तक्रारही नाही.

मग त्या निवेदनात उरलेली जागा कशाला दिली आहे? शेतकऱ्याच्या घामातून आलेला सरकारी पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष होते, हे आयोगाला पटवून देण्यास. वरून झिरपत झिरपत विद्या खाली पोहोचेल ही त्या काळची समजूत त्यांनी मोडीत काढली. आपल्या शाळांत किती मुली आल्या यापेक्षा सर्वांच्या शाळांत कोण आले नाही, याची त्यांना चिंता आहे. शाळेचे प्रगतिपुस्तक फाटकाच्या बाहेर उभे राहून भरण्याची ही पद्धत त्यांनी आपल्याला घालून दिली असे आम्ही समजतो.

महर्षी कर्व्यांच्या आयुष्यातही हाच कल दिसतो. १८९६ साली विधवांसाठी आश्रम, १९०७ साली महिला विद्यालय, १९१६ साली महिला विद्यापीठ, अशी चढती कमान उभी राहिल्यावर कोणीही समाधानाने मागे वळून पाहिले असते. कर्व्यांनी १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले आणि १९४४ साली समता संघ स्थापन केला. विद्यापीठापर्यंत पोहोचलेल्या माणसाला पुन्हा खेड्यातल्या पहिलीच्या वर्गाकडे यावेसे वाटले, यातच आपल्या कार्याच्या मर्यादेचे भान आहे. जे साधले त्याच्या कडेला काय राहिले, तेथून त्यांचे पुढचे काम सुरू होत असे.

आता आजच्या प्रश्नाकडे वळू. कारण तो आमच्यासारख्या शाळांपुढे अगदी कागदोपत्री स्वरूपात उभा आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या, आणि पूर्वप्राथमिक वर्ग असल्यास त्या वर्गाच्या, किमान पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात, आणि त्यांचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, त्यांना विनाशुल्क शिकवावे, असे त्यात आहे. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली; विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना मात्र तीतून वगळले. ६ मे २०१४ च्या निकालाने अनुदानित आणि विनाअनुदानित अशा सर्वच अल्पसंख्याक शाळा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या.

येथे आपला संबंध येतो. घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदातील अधिकार धार्मिक अल्पसंख्याकांप्रमाणेच भाषिक अल्पसंख्याकांनाही आहे, आणि भाषिक अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. महाराष्ट्रात बहुसंख्य असलेले आपण गुजरातेत, मध्य प्रदेशात, कर्नाटकात, तेलंगणात अल्पसंख्य आहोत. तेव्हा मराठी माणसांनी स्थापन केलेली शाळा भाषिक अल्पसंख्याक म्हणून दर्जा मिळवू शकते, आणि तो मिळाला की पंचवीस टक्क्यांचे बंधन सुटते. असा दर्जा घ्यावा की नाही, ही चर्चा अनेक संस्थांच्या कार्यकारी मंडळांत होते, आमच्याही झाली.

दर्जा घेण्याच्या बाजूचे मुद्दे हलके नाहीत. सरकारकडून मिळणारी भरपाई शाळेच्या प्रत्यक्ष शुल्काइतकी मिळेलच असे नाही. सरकारी शाळेतील दर विद्यार्थ्यामागचा खर्च आणि शाळेचे शुल्क यांत जे कमी तेवढेच देण्याचे कायद्याने ठरवले आहे. उरलेला भार शिक्षिकांच्या वेतनावर किंवा इतर पालकांवर पडतो. शिवाय परप्रांतात आपली भाषा, आपली परीक्षापद्धती, आपले सण टिकवायचे तर संस्थेचा कारभार आपल्या हाती असावा, ही भावनाही सच्ची आहे.

पण अधिकार असणे आणि तो अमुक एका कामासाठी वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. घटनाकारांनी हा अधिकार भाषा आणि संस्कृती जगावी म्हणून दिला. ज्या शाळेत मराठीचा वर्ग एखादाच उरला, मराठी घरांतील मुली मूठभर राहिल्या, त्या शाळेने मराठीच्या नावाने हा दर्जा घ्यावा आणि त्याचा व्यवहारातला एकमेव परिणाम गरीब मुलींना फाटकाबाहेर ठेवणे हा व्हावा, यात भाषेचे कोणते रक्षण झाले? उलट त्या फाटकाबाहेरच्या मुलींत खानदेशातून, विदर्भातून पोट भरण्यासाठी आलेल्या मजुरांच्या मुलीही असतात. त्यांच्या घरी आपल्या घरांपेक्षा अधिक मराठी बोलली जाते. मायभाषेची ढाल पुढे करून मायभाषिकांनाच दूर ठेवण्याचा हा प्रकार होईल.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१४ च्या निकालाविषयी शंका व्यक्त केली आणि तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. परंतु शाळेने न्यायाची वाट न्यायालयात पाहत बसावे हे शाळेला शोभत नाही. कायदा ज्याची सक्ती करत नाही ते करण्यास कायदा बंदीही करत नाही. दर्जा घेतलेल्या शाळेलाही आपण होऊन जागा राखून ठेवता येतात.

यावर शुल्क भरणारे पालक विचारतात, ‘आमच्या पैशांतून हे दान का?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मुलींच्या शाळेला इतर कोणत्याही शाळेपेक्षा सोपे जावे. मुलींची शाळा मुळात कोणत्या युक्तिवादावर उभी राहिली? जन्माने मुलगी आहे एवढ्याच कारणाने कोणाला अक्षरापासून दूर ठेवणे अन्याय्य आहे, या युक्तिवादावर. जन्माने मिळालेली गोष्ट माणसाची लायकी ठरवत नाही, हे त्याचे सार. हे सार एकदा स्वीकारले की ते स्त्रीत्वापाशी थांबवता येत नाही. झोपडीत जन्मणे हेही जन्मानेच मिळते. ज्या न्यायाने आपल्या पणजीला वर्गात बसण्याची जागा मिळाली तोच न्याय दुसऱ्या मुलीने मागितला तर त्याला दान म्हणणे म्हणजे आपल्या पणजीलाही याचक ठरवणे होय.

आणि केवळ प्रवेशाने हा न्याय पुरा होत नाही. कायद्याची मर्यादा आठवीपर्यंत. म्हणजे सहाव्या वर्षी विनाशुल्क आत आलेली मुलगी चौदाव्या वर्षी एकाएकी शुल्काच्या दारात उभी राहते. नेमक्या याच वयात घरात कुजबुज सुरू होते : एवढे शिकली ते पुरे, धाकट्याला सांभाळील, कामाला हातभार लागेल, पुढे लग्न आहेच. सयाजीरावांच्या १९०६ च्या कायद्यातही मुलांसाठी सातपासून बारापर्यंत सक्ती होती, मुलींसाठी सातपासून दहापर्यंतच. काळाने बरेच बदलले, पण मुलगी मोठी होऊ लागली की कायद्याचा हात आखडतो, हे दोन्हीकडे दिसते. गुजरात सरकारने २०२४ साली ‘नमो लक्ष्मी’ योजनेतून नववी ते बारावीच्या पात्र मुलींना चार वर्षांत मिळून पन्नास हजार रुपयांचे साहाय्य देऊ केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तरी खासगी शाळेचे शुल्क, गणवेश, सहल, प्रकल्पाचे साहित्य, यांचा हिशेब बहुधा तिच्या पुढे जातो. फरक भरून काढण्याचा मार्ग प्रत्येक शाळेने आपापला शोधावा : माजी विद्यार्थिनींचा निधी, शुल्कातील अल्पसा वाटा, समाजातील देणग्या. नवी कमान उभारण्यासाठी देणगीदार मिळतात. आठवीतून नववीत जाणाऱ्या चार मुलींसाठीही ते मिळतील, पण त्यासाठी संगमरवरी पाटीखेरीज देणगी मागण्याची सवय लावून घ्यावी लागेल.

म्हणून आमच्या मते शाळेच्या आढाव्यात तीन गोष्टी आधी लिहाव्यात. शिक्षिकांना काय वेतन मिळते. पहिलीत विनाशुल्क आलेल्या मुलींपैकी किती जणी दहावीच्या बाकावर बसल्या. आणि मधल्या वर्षांत ज्या गेल्या त्या का गेल्या. इमारत आणि निकाल त्यानंतर यावेत, ते दिसतातच. हा आढावा शाळेच्या प्रमुखाने लिहिला तरी तो तपासण्याचे काम ज्यांनी ती शाळा काढली त्या समाजाने करावे. प्रगतिपुस्तकावर पालकांच्या सहीची जागा असते. शाळेचा पालक समाज आहे, आणि न वाचता सही करणारे पालक प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतात.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. शाळा सोडल्याच्या दाखल्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. त्यात बहुधा दोन शब्द लिहिलेले आढळतात : ‘पालकांच्या विनंतीवरून’. जोतीरावांनी आपल्या जाण्याची कारणे सांगितली नाहीत, तो त्यांचा मोठेपणा होता. मुलीच्या जाण्याची कारणे न सांगणे हा मात्र शाळेचा मोठेपणा नव्हे. प्रमुख शाळा सोडतो तेव्हा त्याला शाल मिळते, भाषणे होतात. नववीतली मुलगी शाळा सोडते तेव्हा एक कारकून शिक्का मारतो. आमच्या जागी येणाऱ्या मुख्याध्यापिकेस आमचे एवढेच सांगणे आहे की, असा दाखला सहीसाठी समोर आला तर तो एक दिवस टेबलावर ठेवावा, आणि त्या दिवशी त्या मुलीच्या घरी जाऊन यावे.